गांवच्या खांबावरील पांढरे दिवे

पुण्याच्या बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या परिसरांत विजेच्या सामानाची मोठी बाजारपेठ आहे. ज्या वाचकांनीं ती पेठ वीस वर्षांपूर्वीं सायंकाळीं पाहिली असेल, त्यांस सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड स्मरत असेल. पुढें महानगरपालिकेनें शहरांतील ते दिवे मोठ्या प्रमाणावर काढून त्यांचे जागीं एलईडीचे पांढरे दिवे बसविले. केंद्र सरकारनेंही ता. ५ जानेवारी २०१५ रोजीं यासाठीं देशव्यापी योजना सुरू केली, आणि आतां ग्रामपंचायतीही त्याच वाटेनें चालल्या आहेत. नव्या दिव्यास वीज कमी लागते, हें निर्विवाद आहे; पंचायतीचें बिल हलकें होणें कोणास नको आहे? तथापि पेठेस जो दिवा चालतो तो शिवारासही तसाच चालेल, हें आम्हांस मान्य नाहीं.

एलईडीचा पांढरा उजेड मुळांत निळा असतो. पिवळ्या लेपामुळें तो पांढरा भासतो, परंतु निळ्या किरणांचा अंश त्यांत राहतोच. सोडियमच्या दिव्यांत तो अत्यल्प असे. या किरणांनीं झोपेस बाधा पोहोंचते, म्हणून अमेरिकेच्या वैद्यक संघानें २०१६ सालीं रस्त्यावरील दिवे ३००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी असावेत असा सल्ला दिला. पेठेंतील अरुंद बोळांत खांबाचा झोत सरळ माडीच्या खिडकींत शिरतो. शहरवासी पडदा लावतील. शेतास पडदा कोठून आणावा?

स्वित्झर्लंडमध्यें एलईडीच्या उजेडांतील कुरणांत फुलांवर येणाऱ्या रात्रींच्या कीटकांच्या फेऱ्या ६२ टक्के घटल्या, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. तेथील एका रानवनस्पतीची फलधारणाही १३ टक्के उतरली. इंग्लंडांतील २०२१ सालच्या पाहणींत दिव्याखालील कुंपणाच्या झुडपांत पतंगांच्या अळ्या ४७ टक्के कमी आढळल्या, आणि पांढऱ्या एलईडीचा परिणाम सोडियमहून तीव्र दिसला. अळ्या घटल्या तर बरेंच झालें, असें कोणी म्हणेल. पण बांधावरची प्रत्येक अळी पिकाची वैरी नव्हे. पक्ष्यांचीं पिलें त्यांवरच वाढतात, आणि तेच पक्षी आपल्या पिकांतील कीड वेंचतात.

सोयाबीनची गोष्ट अधिक जवळची आहे. रात्र पुरेशी मोठी झाल्यावांचून हें पीक वेळेवर फुलत नाहीं, हें गार्नर व ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालींच दाखविलें. बाकीचें शेत काढणीस येतें, तरी खांबाजवळच्या ओळी हिरव्याच राहतात. शेवंतीचे बागाईतदार तर फूल लांबविण्यासाठीं मुद्दाम बल्ब लावतात! हा दोष पिवळ्या दिव्यांतही होता, हें खरें; परंतु जाळण्यास स्वस्त म्हणून नवे दिवे अधिक खांबांवर लागतात, आणि पहाटेपर्यंत ते कोणी विझवीत नाहीं.

दुरुस्तीचीही अडचण आहे. पूर्वीं बल्ब गेला तर गांवचा वायरमन नवा बसवी. एलईडींत विजेच्या दाबाच्या चढउतारानें आंतील ड्रायव्हर जळतो, आणि पुष्कळदां सबंध दिवाच बदलावा लागतो.

दिवे नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. खरेदीपूर्वीं ग्रामसभेनें खोक्यावरील केल्व्हिनचा आंकडा वाचावा. ६५०० चा दिवा परत करून ३००० किंवा त्याखालचा मागावा. उजेड फक्त रस्त्यावर पडेल असें झांकण, विजेच्या दाबापासून संरक्षण देणारें उपकरण आणि मध्यरात्रीनंतर उजेड मंद करण्याची सोय, या अटी निविदेंतच घालाव्यात. शिवाराच्या कडेस खांब रोवण्यापूर्वीं लगतच्या शेताच्या मालकास विचारावें.