आधी खाली उतरा

विरारहूनच भरून आलेली लोकल वसई रोडला थांबली की आमच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास टाकतं, ‘भाई, बीम मी अप!’ पापडीहून रिक्षाने धडपडत स्टेशन गाठायचं आणि दारात पाय ठेवायलाही जागा नाही. अशा वेळी हेच सुचतं. आता तर त्याचं मराठी क्रियापदही झालंय. लेक्चर बोअर झालं की ‘बीम अप करा रे मला’, पार्टीतून गुपचूप सटकलं की ‘तो बीम अप झाला’.

यावर ग्रुपमधले एक काका चिडतात. मराठी शब्द मेले का, म्हणतात. काका, तुम्ही बादलीतल्या पाण्याने आंघोळ करता, दाराला चावी लावता आणि पगारासाठी घराबाहेर पडता. तिन्ही शब्द पोर्तुगीजांचे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसईचा किल्ला घेतला, शब्द मात्र कुणी परत केले नाहीत. उसन्या शब्दाशी माझं भांडण नाहीच.

भांडण आहे ते त्यातल्या ‘अप’शी.

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ला अमेरिकन टीव्हीवर सुरू झालं. दर भागात यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणं खर्चाचं होतं, म्हणून माणसं इथून विरघळवून तिथे प्रकट करायची युक्ती निघाली. म्हणजे उतरणं परवडत नव्हतं, म्हणून उतरणंच कापलं. (‘बीम मी अप, स्कॉटी’ हे वाक्य त्या मूळ मालिकेत जसंच्या तसं कुणीच म्हणत नाही, तो भाग वेगळा.) पण आपल्याला भुरळ पडली ती वर जाण्याची. आपण नुसतं उभं राहायचं, यंत्र वरचा कुणीतरी चालवेल.

जुलै २०१८मध्ये रुळांवर पाणी चढून वसई-विरारच्या गाड्या बंद पडल्या, तेव्हा मीही हाच विनोद फॉरवर्ड केला होता. शंभरेक जण हसले. पुढे नाल्यातल्या भरावाबद्दल बैठक झाली, तिला आम्ही तिशीच्या आतले तिघेच होतो. बाकी सगळे आजी-आजोबा, त्यातली एक गुडघ्याला पट्टा बांधून आलेली.

परदेशी गेलेल्यांना मी नावं ठेवत नाहीये. माझा चुलतभाऊ कॅनडाला गेला तो कर्ज काढून, व्हिसासाठी खेपा घालून. त्याला कुणी वर खेचून घेतलं नाही. आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसोबत हरित वसईसाठी जी माणसं लढली, ती रस्त्यावर ‘उतरली’. आपल्या भाषेत लढायला उतरावं लागतं. त्या मालिकेने नेमकं तेच कापलं होतं आणि आपणही तेच कापतोय.

नाल्याची पुढची बैठक रविवारी, मिस्सा सुटल्यावर, तळ्याजवळ. काल ग्रुपवर टाकलंय. आतापर्यंत अकरा अंगठे आलेत आणि एक ‘बीम मी अप’.

काकांचा अंगठा पहिला होता.