हुमणीच्या सर्वेक्षणाला जाताना सेल कोणते न्यावेत?

जयपूरच्या टोंक रस्त्यावर गोपालपुऱ्याच्या शेजारी दुर्गापुरा आहे. जोबनेरच्या श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठाची राजस्थान कृषी संशोधन संस्था तेथेच असल्याने हुमणीवर काम करणाऱ्यांना हे नाव परिचयाचे आहे. राजस्थानच्या वालुकामय जमिनीत भुईमुगाची मुळे कुरतडणारी होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया आणि महाराष्ट्रात उसाला ग्रासणारी होलोट्रिकिया सेराटा या दोन्ही प्रजातींची वर्षाला एकच पिढी होते. पहिल्या दमदार पावसानंतर दिवेलागणीच्या सुमारास भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. मादीने अंडी घालण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी आणि ते गोळा करून नष्ट केले जावेत, यासाठी मोजक्याच संध्याकाळी हाताशी असतात. त्या हुकल्या, तर पुन्हा वर्षभर थांबावे लागते.

अशा संध्याकाळी कपाळावरचा दिवा मंदावणे किंवा जीपीएस यंत्र बंद पडणे ही किरकोळ गैरसोय मानली जाते. वास्तविक तो त्या वर्षीच्या नोंदीचाच तोटा असतो. महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर गेलेला विस्तार कार्यकर्ता गोपालपुऱ्यात मुक्कामाला असेल, तर त्याला सेल दुकानात सहज मिळतील. मात्र अंधार पडतो तेव्हा तो शहरापासून दूर, एखाद्या बांधावर उभा असतो. म्हणून सेलची निवड घरून निघण्यापूर्वीच व्हायला हवी.

ही निवड बहुधा वेष्टणावरील एमएएचचा आकडा पाहून केली जाते. हा निकष अपुरा आहे. सर्वेक्षणाची उपकरणे वर्षातील बहुतेक काळ कपाटात पडून असतात. जुन्या पद्धतीच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमधील भार न वापरताही झपाट्याने उतरतो; महिनाभरातच त्यातील लक्षणीय वाटा नाहीसा होतो. २००५ पासून बाजारात आलेल्या कमी स्वयंविसर्गाच्या सेलमध्ये वर्षभरानंतरही बराचसा भार शिल्लक राहतो. त्यांची क्षमता साधारण २,००० एमएएच असते. २,५०० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सेल आकर्षक वाटले, तरी ते तुलनेने कमी वेळा भारित करता येतात. पेन्सिल सेलवर ३,००० च्या वरचा आकडा छापलेला असेल, तर त्याकडे संशयानेच पाहावे.

पुनर्भारित पेन्सिल सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो आणि साध्या अल्कलाइन सेलचा १.५ व्होल्ट. त्यामुळे पूर्ण भारित सेल घालूनही काही उपकरणे ‘सेल संपत आले’ असे दाखवतात. हा सेलचा दोष नव्हे. अल्कलाइन सेलचा दाब वापराबरोबर सतत घसरतो, तर निकेल सेलचा शेवटपर्यंत बराचसा स्थिर राहतो. अनेक जीपीएस यंत्रांत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असते, ती वापरावी.

१४५०० या क्रमांकाच्या लिथियम-आयन सेलबाबत मात्र सावध राहावे. तो दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो. त्याचा दाब ३.७ व्होल्ट असल्याने पेन्सिल सेलसाठी बनवलेले उपकरण जळू शकते.

प्रकाश सापळ्याचा हिशेब वेगळा आहे. तीन वॉटचा एलईडी दिवा चार तास चालवायला १२ वॉट-अवर ऊर्जा लागते. २,००० एमएएचचे चार पेन्सिल सेल जेमतेम ९.६ वॉट-अवर देतात. २,५०० एमएएचच्या दोन १८६५० सेलमधून सुमारे १८ वॉट-अवर मिळतात, म्हणजे संध्याकाळ निभावते. आपल्या गावात काम असेल, तर फवारणीच्या बॅटरी पंपातील १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरीही बारा व्होल्टच्या सापळ्याला पुरते. तिचे वजन पाहता लांबच्या प्रवासाला ती सोयीची नाही.

विमानाने जाणाऱ्यांनी सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातील सामानातच ठेवाव्यात. त्या तपासणीसाठी सोपवलेल्या सामानात चालत नाहीत. विशेष परवानगीशिवाय मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असल्याने त्यात बसते. सेलची टोके चिकटपट्टीने झाकावीत. राजस्थानच्या उन्हात बंद गाडीत सेल ठेवू नयेत आणि तापलेला सेल थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नये.

अल्कलाइन सेल स्वस्त असतात आणि खेड्यातील टपरीवरही मिळतात, मग एवढा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. अडचणीसाठी त्यांचे एक पाकीट जवळ असावेच. परंतु हंगामानंतर उपकरणातच विसरलेले अल्कलाइन सेल पाझरतात आणि पुढच्या वर्षी गंजलेली स्प्रिंग हाती येते. शिवाय दर हंगामाला टाकाऊ सेलचा ढीग वाढतो. जमिनीतील किडीवर काम करणाऱ्यांनी त्याच जमिनीत सेल टाकावेत, हे शोभत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. निकामी सेल संकलन केंद्रातच द्यावेत.

खरी सुधारणा खरेदीच्या टप्प्यावर व्हायला हवी. कार्यालये दिवा एका वर्षी घेतात, जीपीएस दुसऱ्या वर्षी. प्रत्येकाचा सेल निराळा निघतो आणि चार्जर मागणीपत्रकात राहूनच जातो. शक्यतो सर्व हातउपकरणे पेन्सिल सेलवर चालणारी, सेल बदलता येणारी घ्यावीत आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भारित करणारा चार्जर त्याच मागणीत असावा. सेलवर खरेदीचे वर्ष लिहून त्यांचे संच करावेत. जुने-नवे किंवा निरनिराळ्या प्रकारचे सेल एकत्र वापरू नयेत.

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी बियाण्याची उगवणक्षमता तपासतो. त्याच सुमारास सर्व संच भारित करून दिवा एक संध्याकाळ सलग जळतो का, हे पाहावे. भुंगेरे चार्जिंग पूर्ण होण्याची वाट पाहत नाहीत.