हिशेबाच्या दारावरचा पहारेकरी

मागील नाताळापूर्वीच्या आठवड्यात येळ्ळूरच्या एका लहान पतसंस्थेत आम्हांस काही कामानिमित्त जावे लागले. राजहंसगडाकडून येणारा वारा बोचरा होता आणि कचेरीच्या ओट्यावर दहाबारा मंडळी खोळंबून बसली होती. कोणास भाताच्या मळणीची मजुरी चुकती करावयाची होती, कोणास मुलीच्या शिक्षणाची रक्कम भरावयाची होती. आत तीन संगणक, तीन कारकून, परंतु काम असे रेंगाळले होते की एक वृद्ध गृहस्थ खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, आमचं खातं बेळगावला नेऊन ठेवलासा काय? आणायला इतका वेळ लागतोय!" मंडळी हसली. खिडकीतील बाई मात्र हसल्या नाहीत. चिटणिसांनी आदल्याच दिवशी त्यांस 'हात चालवा' म्हणून सर्वांदेखत सुनावले होते, हे आम्हांस मागाहून कळले.

हात चालतच होता. अडत होते ते निराळ्याच ठिकाणी.

पूर्वी संस्थेची खतावणी एकच असे. एकजण तीत लिहीत असला की दुसऱ्याने थांबावे. आता ती खतावणी एका संगणकात ठेवितात, त्यास सर्व्हर म्हणतात, आणि बाकीचे संगणक तारेने त्यास जोडून सगळे कारकून एकाच वेळी तीच खतावणी वाचतात व लिहितात. सोय मोठी आहे. परंतु ह्या प्रत्येक संगणकावर अँटिव्हायरस नावाचा पहारेकरी बसविलेला असतो. कोणतीही फाईल उघडली की तीत विषाणू नाही ना, हे पाहूनच तो तिला पुढे जाऊ देतो. एखादे पत्र किंवा छायाचित्र उघडताना ह्या तपासणीचा वेळ आपल्या ध्यानातही येत नाही. हिशेबाचे तसे नाही. एक खाते दाखवावयाचे तर सॉफ्टवेअरला अनेक फायलींतून थोडे थोडे, शेकडो वेळा वाचावे लागते. धान्याचे पोते दारात एकदा उघडून पाहणे वेगळे आणि पसापसा धान्य थांबवून पाहणे वेगळे.

त्यातही एक गोम आहे. जी फाईल एकदा तपासली आणि नंतर बदलली नाही, तिला पहारेकरी बहुधा पुन्हा अडवीत नाही. परंतु खतावणी प्रत्येक नोंदीसरशी बदलते. म्हणजे बाईंनी एक पावती लिहिली की तीच ओळखीची फाईल पुन्हा परकी ठरते. शिवाय सर्व्हरवरचा पहारेकरी तिला तपासतो तो तपासतोच, आणि तारेच्या ह्या टोकाला बाईंच्या संगणकावरचा दुसरा पहारेकरी तीच फाईल पुन्हा तपासतो. ओट्यावरची मंडळी तिष्ठत होती ती ह्या दुहेरी झडतीपायी.

हे अँटिव्हायरस कोणत्या कंपनीचे होते हा प्रश्न येथे गौण आहे. नीट सांगून न ठेवल्यास असे कोणत्याही कंपनीच्या बाबतीत घडू शकते. गंमत अशी की, आपल्याकडे दुकानोदुकानी पोहोचलेले 'टॅली' काढणारी बंगळूरची कंपनी १९८६ सालची, आणि फ्लॉपीतून जगभर पसरलेला 'ब्रेन' हा विषाणूही १९८६ चाच. तो लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला होता. पुढे पुण्यात कैलास व संजय काटकर ह्या दोघा भावांनी दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील विषाणू पाहून त्यांवरचा उतारा तयार केला, आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. खतावणी आणि तिचा चोर एकाच वयाचे, पहारेकरी थोडा धाकटा!

असो. संस्थेत त्या दिवशी एका उत्साही तरुणाने सल्ला दिला की अँटिव्हायरस काढूनच टाका, सगळे सुरळीत होईल. काम वेगाने चालले असते ह्यात संशय नाही. परंतु २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस ह्या सहकारी बँकेच्या यंत्रणेत असाच घातक प्रोग्राम शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले गेले. २०२४ च्या जुलैअखेर, लहान बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० बँकांचे व्यवहार काही काळ देयक यंत्रणेपासून तोडावे लागले. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ येथे ह्या देशातील अगदी आरंभीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक निघाली, तेव्हापासून अशा संस्थांत गरिबाचाच पैसा असतो. तेथे पहाराच उठविणे आम्हांस मुळीच पटले नाही, आणि तसे आम्ही बोलूनही दाखविले.

मग बेळगावहून एक जाणकार आले. त्यांनी प्रथम काहीच काढले नाही. सायंकाळी कचेरी बंद झाल्यावर इंटरनेटची तार उपटली, बाईंच्या संगणकावरचा पहारा पाच मिनिटे थांबविला, आणि घड्याळ लावून तेच खाते दोनदा उघडून पाहिले. पहारा असताना आम्ही अर्धा कप चहा घेतला. पहारा नसताना कप उचलण्यापूर्वीच खाते समोर आले. ही कसोटी घेतल्यावाचून कोणी दोष ठरवू नये. कारण कधी तार सैल असते, कधी संगणकाची स्मरणशक्ती अपुरी असते, तर कधी अनेक वर्षांचा हिशेब एकाच गाठोड्यात बांधलेला असतो.

त्यानंतर त्यांनी अँटिव्हायरसला सांगितले की, सर्व्हरवरील हिशेबाचे अमुक एक फोल्डर क्षणोक्षणी तपासू नये. आणि कारकुनांच्या संगणकांनी सर्व्हरवरची तीच फाईल दुसऱ्यांदा अडवू नये. बाकी पहारा जसाच्या तसा. सगळा संगणक धुंडाळणारी मोठी तपासणी भर अकरा वाजता सुरू होत असे, ती रात्रीवर नेली, आणि त्या रात्रीच्या तपासणीत हिशेबाचे फोल्डरही घेतले. ज्या दाराशी झडती नाही तेथे दुसरे काही ठेवावयाचे नाही, म्हणून त्या फोल्डरात पत्रे, छायाचित्रे, बाहेरून आलेल्या फायली ठेवण्यास मनाई झाली. तरीही दुसऱ्या एखाद्या संगणकावरून विषाणू तेथे पोहोचू शकतो. म्हणून रोजच्या हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावयाची, आणि प्रत होताच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात बंद करावयाची. जोडून ठेवलेली डिस्क मूळ हिशेबाबरोबरच बुडते.

चिटणिसांनी हे सारे ठरावाच्या वहीत लिहून घेतले: कोणते फोल्डर वगळले, कोणाच्या संमतीने, कोणत्या तारखेस. कपाटाची किल्ली त्यांनी बाईंकडे दिली. सुनावल्याबद्दल ते काही बोलले की नाही, ते आम्ही विचारले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी चहाचा पहिला कप खिडकीशी गेला, एवढे आम्ही पाहिले. ते वृद्ध गृहस्थही पुन्हा आले होते. पैसे मोजून घेताना म्हणाले, "आज खातं येळ्ळुरातच हाय म्हणायचं!" बाई ह्या वेळी हसल्या.