नजर जपणारा घास

सुईत दोरा ओवणं, तुरीच्या डाळीतले खडे वेचणं, पालापाचोळा लागू न देता बोंडातला कापूस काढणं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आजी-आजोबांची ही कामं नजरेच्याच भरवशावर चालतात. ती नजर जपणं घरच्यांचं कर्तव्य आहे.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या 2024 मधील एका छोट्या अभ्यासात मध्यमवयीन आणि ज्येष्ठांनी 12 आठवडे रोज सुमारे 57 ग्रॅम पिस्ते खाल्ले. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरचं संरक्षक रंगद्रव्य वाढलं. ही करामत पिस्त्यातल्या ल्यूटिन नावाच्या घटकाची.

पिस्ते रोज परवडणार नाहीत. पण ल्यूटिन पालक-मेथीत भरपूर असतं आणि स्निग्ध पदार्थासोबत ते अंगी चांगलं लागतं. म्हणून भाजीत दाण्याचा कूट घाला. दात नसलेल्यांनाही तो चालतो. शेंगदाण्यातून ई जीवनसत्त्वही मिळतं. बुरशी लागलेले दाणे मात्र टाकूनच द्या.

मोतीबिंदू कोणत्याही दाण्याने विरघळत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना या महिन्यातच तपासणीला घेऊन जा.

— संपादक