मठ, कॉन्व्हेंट आणि मुलींचं कॉलेज

धर्मसंस्थेने काढलेलं मुलींचं कॉलेज म्हणजे मुलींना धाकात ठेवायची सोय, आणि ती संस्था कॅथलिक असली की धर्मांतराचा कारखाना, असा आक्षेप घेतला जातो. तो आपल्याच कर्नाटकातल्या मंगळूरच्या सेंट अ‍ॅग्नेस कॉलेजवर घासून पाहावा. अपोस्टोलिक कार्मेल संघाच्या सिस्टर १८७० साली मंगळूरला आल्या आणि १९२१ मध्ये त्यांनी हे कॉलेज उघडलं. मंगळूरचा कॅथलिक समाज या कॉलेजने घडवला नाही. त्यातली बहुतेक कोकणी कुटुंबं गोव्याहून शतकांपूर्वीच तिथे येऊन स्थिरावली होती. कॉलेज निघालं ते आधी त्यांच्याच लेकींसाठी, आणि पुढे त्याच वर्गांत इतर धर्मांच्या मुलीही बसल्या. शतकानंतरही दक्षिण कन्नड जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या दहा टक्क्यांच्या आतच आहे. शिवाय संविधानाच्या २८व्या कलमानुसार अनुदानित संस्थेत संमतीवाचून कोणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. तरीही कुठे सक्ती झालीच, तर तिच्याविरुद्ध या कलमाखाली दाद मागावी. संशयापोटी सगळ्या परंपरेलाच आरोपी करणं न्यायाचं नाही.

धाकाचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अर्धा खराही आहे. शिस्त, पोशाख, येण्याजाण्याच्या वेळा यांत अशा संस्था कडक असतात. पण त्याच शहरात जेझुइटांचं सेंट अ‍ॅलॉयशियस कॉलेज १८८० पासून मुलांना शिकवत होतं, हे ध्यानात घ्यावं. मुलगे आधी, मुली एक्केचाळीस वर्षांनी! हा दोष आपल्या समाजाइतकाच चर्चचाही होता, आणि तो भरून काढला स्त्रियांनीच. सेंट अ‍ॅग्नेसचं प्राचार्यपद सिस्टरांकडे होतं. बाईच्या सहीने चालणारी संस्था मुलींना रोज डोळ्यांसमोर दिसणं, याचं मोल वेळापत्रकाच्या जाचापेक्षा मला कितीतरी जास्त वाटतं. मठांनीही मुलींच्या शिक्षणात हात घातला. कलबुर्गीत शरणबसवेश्वर संस्थान या मठाचे पीठाधिपती दोड्डप्पा अप्पा यांनी निजामाच्या अमलात, १९३०च्या दशकात, मुलींसाठी कन्नड शाळा काढली. तेव्हा उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं आणि त्याचं स्त्रियांचं कॉलेज दूर हैदराबादेत होतं. सरकार जिथे पोचलं नाही तिथे मठ पोचला. पुढे याच घराण्यातल्या गोदूताईंच्या नावाने मुलींचं कॉलेजही याच परंपरेत उभं राहिलं. निर्णय मात्र तिथे पीठाधिपतींचा, म्हणजे पुरुषाचाच होता. या एका बाबतीत कॉन्व्हेंट मठाच्या पुढे गेलं, हे मठाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही म्हणावं लागतं.

आता मुलींच्या वेगळ्या कॉलेजची गरजच काय, असा प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांपैकी जॉर्जटाउनने १९६९ मध्ये आपल्या मुख्य कॉलेजात आणि नोत्र दामने १९७२ मध्ये पदवीच्या वर्गांत मुली घेतल्या, आणि तिथली कित्येक कॅथलिक स्त्री-महाविद्यालयं एकतर सहशिक्षणाकडे वळली किंवा बंद पडली. हा दाखला देणारे एक अट विसरतात. तिथे शेजारचं दार खरंच उघडलं होतं आणि मुलगी त्या दारापर्यंत पोचू शकत होती. इकडे बीदर-कलबुर्गी सीमाभागातल्या औराद, भालकी, आळंद, चिंचोळीकडच्या वस्त्यांमधल्या मुलीसाठी दार कायद्याने केव्हाच उघडलंय, पण मधे बस आहे, वसतिगृह आहे आणि बापाचा होकार आहे. २०११ च्या जनगणनेत कलबुर्गी जिल्ह्यातली स्त्री-साक्षरता पंचावन्न टक्क्यांच्या आसपास होती, दक्षिण कन्नडची चौऱ्याऐंशीच्या. हे सगळं अंतर एका कॉलेजने पाडलं असं कोणी म्हणणार नाही. बंदर, व्यापार, जुन्या शाळा ही कारणंही आहेतच. पण घरच्यांचा विश्वास बसेल अशी संस्था पिढ्यान्‌पिढ्या गावात असणं हे त्यातलं एक कारण नक्की आहे. कॅथलिकांचा स्वतंत्र कलबुर्गी धर्मप्रांत २००५ साली झाला. तिथल्या सिस्टरांनी किंवा एखाद्या मठाने उद्या मुलींचं कला महाविद्यालय काढायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न त्यांच्या धर्माचा नसावा. वसतिगृहात खाटा किती, आणि कन्नडबरोबर मराठीचा वर्ग असेल का, हे आधी विचारावं.