दिल्लीत यंत्रणा बंद, ८०० विमानं रखडली. आपल्याकडं सर्व्हर डाऊन झाला की काय होतं?

पाटोदा : रात्री अंगणात बाज टाकून पडलं की वरून लुकलुकत जाणारी विमानं दिसतात. आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही, रेल्वेसुद्धा बीडला सप्टेंबर २०२५ मध्ये आली. मग विमानाच्या यंत्रणेचं आपल्याला काय, असं कुणीही म्हणेल. पण ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत जे झालं, ते नीट वाचा. ओळखीचं वाटेल.

प्रत्येक विमान निघण्याआधी त्याचा नंबर, मार्ग, उंची, वेळ असा सगळा तपशील नियंत्रण कक्षाला जातो. त्याला फ्लाइट प्लॅन म्हणतात. तो आपोआप पोचवणारी यंत्रणा म्हणजे ‘ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टीम’. विमानांचं पोस्ट ऑफिसच म्हणा ना. ६ तारखेला दुपारी तीच बिघडली. रडार बंद पडलं नव्हतं, वैमानिकांशी बोलणं चालू होतं. पण प्लॅन येईनात. मग नियंत्रकांनी एकेक प्लॅन हातानं भरायला घेतला. ७ तारखेला ८०० च्या वर विमानांना उशीर झाला. यंत्रणा संध्याकाळी सुरू झाली. लोक विमानतळावर ताटकळले, पण अपघात झाला नाही.

नियंत्रकांच्या संघटनेनं दिल्ली-मुंबईच्या यंत्रणा मंदावल्याचं काही महिने आधीच सांगून ठेवलं होतं. ऐकलं कुणी? बिघाड झाल्यावर मंत्र्यांनी मूळ कारण शोधायचे आदेश दिले.

आता इंग्लंडचा किस्सा. २८ ऑगस्ट २०२३. एका विमानाच्या प्लॅनमध्ये मार्गावरच्या दोन ठिकाणांचं संक्षिप्त नाव एकच होतं. एक ठिकाण फ्रान्समधलं, दुसरं अमेरिकेतलं. म्हणजे समजा, आपलं पाटोदा आणि संभाजीनगरजवळचं भास्करराव पेरे पाटलांचं पाटोदा. माणूस विचारील, ‘कोणतं पाटोदा, भाऊ?’ कॉम्प्युटरला ते जमलं नाही, तो बंद पडला. त्याच्या जागी दुसरा तयारच होता, पण त्यातही प्रोग्रॅम तोच! तोही बंद. ७ लाखांच्या आसपास प्रवाशांना फटका बसला. जोडीला ठेवलेलं यंत्र पहिल्यासारखंच असेल तर ते कसलं पर्यायी? मोटार जळाली म्हणून दुसरी बसवायची, आणि बिघाड विजेच्या लाइनमध्येच, तसलं झालं हे.

यंत्र कमी पडलं की काय होतं, हे आपल्या देशानं १२ नोव्हेंबर १९९६ ला पाहिलंय. हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं आणि कझाकस्तानचं विमान हवेत धडकलं, ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. चूक त्या विमानाची, पण तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमान कुठं आहे तेवढंच दिसायचं, किती उंचीवर आहे ते नाही. त्यानंतर नवं रडार आलं, विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

२०२५ ला दिल्लीत काम हळू झालं, पण थांबलं नाही. हातानं काम करता येणारी माणसं तिथं बसलेली होती आणि तसं करायची त्यांना मुभा होती. आपल्याकडं रेशनच्या मशीनवर अंगठा उठला नाही किंवा सर्व्हर डाऊन झाला की म्हातारी माणसं दोन-दोन चकरा मारतात. ऊसतोडीला जायच्या आधी धान्य घ्यायला आलेल्या बाईला ‘उद्या या’ सांगतात. उद्या ती कारखान्याच्या वाटेवर असते. दुकानदाराचा तरी काय दोष?

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा : मशीन बंद असलं तर नोंद कोणत्या वहीत करायची, त्यावर सही कुणाची चालते, आणि ती वही दुकानात आज आहे का?