बीन्स-टोस्ट की मॅक अँड चीज?

लंडनहून आम्ही न्यू जर्सीला आलो. पहिल्याच आठवड्यात डायनरमध्ये बिस्किट मागवलं, तर समोर लोणी घातलेला मऊ पाव आणि वर पांढरी ग्रेव्ही! हे चहात बुडवणार कसं? हाइन्झ कंपनी मूळची पिट्सबर्गची, पण तिचे टोमॅटो सॉसमधले बीन्स टोस्टवर ओतून खावेत ते ब्रिटिशांनीच. इकडचे बीन्स काकवीने गोड केलेले, त्यात बरेचदा डुकराचं मांस. माझं मत ब्रिटनला. दमून आल्यावर पाच मिनिटांत होणारं, आपल्या उसळ-पावाच्या जवळचं जेवण आहे ते.

लेकीला मात्र ताप आला की मॅक अँड चीजच लागतं. परवा आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मऊ भात दिलास ना रे तिला?"

"हो आई, दिला," म्हणालो.